मनात शंका ठेवून ज्ञानेश्वरी वाचता येते का? येत असेल तर कशी?

पडवी
नमस्कार मंडळी. ज्ञानेश्वरीबद्दल दोन ठाम सल्ले कायम ऐकू येतात. एक म्हणतो, आधी श्रद्धा हवी, मग ग्रंथाला हात लावा. दुसरा म्हणतो, विवेकी माणसाने या वाटेला जाऊच नये. दोन्हींचा परिणाम एकच, पुस्तक कपाटात राहते.

माझे मत असे: देव आहे की नाही हे ज्याला ठरवता येत नाही, पण जगण्याला अर्थ काय हा प्रश्नही ज्याला सोडत नाही, अशा माणसाने ज्ञानेश्वरी जरूर वाचावी. एक अडचण मात्र सरळ समोर उभी राहते. चौथ्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे:

म्हणौनि संशयाहूनि थोर । आणिक नाहीं पाप घोर । हा विनाशाची वागुर । प्राणियांसी ॥

म्हणजे संशयाहून मोठे पाप नाही, तो प्राण्यांसाठी विनाशाचे जाळे आहे. मग संशयी वाचकाला तिथे जागा आहे का? शिवाय व्यवहाराचे प्रश्न: कोणती प्रत घ्यावी, रोज किती वाचावे, सुरुवात कुठून करावी, गाडी कुठे अडते? ‘वाचत राहा, अनुभूती येईल’ एवढ्यावर भागवू नका, ही विनंती.

वीणामृदंग
आधी हिशोब सांगतो, म्हणजे अंदाज येईल. गीतेचे ७०० श्लोक, त्यावर सुमारे ९००० ओव्या. रूढ आकडा ९०३३. पण अध्याय सारखे नाहीत. पाचवा सर्वांत लहान, १८० ओव्या. पहिला २७५, बारावा २४७. तेरावा मात्र जवळजवळ ११७० आणि अठरावा १८०० च्या वर. रोज २५ ओव्या धरल्या तर पूर्ण ग्रंथाला एक वर्ष लागते. त्यात पाचवा आठवडाभरात हातावेगळा होतो, तेराव्याला दीड महिना आणि अठराव्याला अडीच महिने जातात. हे आधी माहीत नसले की तेराव्यात माणूस दमतो आणि ‘आपल्याच्याने होत नाही’ म्हणून सोडून देतो.

सात दिवसांचे पारायण ही वेगळी गोष्ट आहे. त्यात रोज १३०० च्या आसपास ओव्या होतात, तीन-साडेतीन तास सलग. मिनिटाला सहा-सात ओव्या. त्या वेगात अर्थ लागत नाही आणि तो लागावा अशी अपेक्षाही नसते. नव्या आणि शंका घेऊन आलेल्या वाचकाने तिथून सुरुवात करू नये.

तार्किक
मूळ प्रश्नावर बोलतो. ती ओवी गीतेच्या ज्या श्लोकावर आहे (४.४०, म्हणजे अध्याय ४, श्लोक ४०) त्याच्या आधीचाच श्लोक ‘श्रद्धावाँल्लभते ज्ञानम्’ असा आहे. म्हणजे अट स्पष्ट आहे. आधी श्रद्धा, मग ज्ञान. आधुनिक वाचकाला आवडावे म्हणून ही अट गुळगुळीत करण्यात अर्थ नाही. वाचा, जरूर वाचा, उत्तम काव्य आहे. पण हा ग्रंथ शंकेचे स्वागत करतो असे म्हणू नका.

खडूफळा
तार्किक, अट आहे हे खरे. पण त्या ओवीच्या मागच्या चार-पाच ओव्या वाचल्या तर संशयी म्हणजे नेमका कोण हे ज्ञानेश्वरांनी सांगून ठेवले आहे. ते काळज्वराचा दाखला देतात. ज्वर इतका भिनलेला की रोग्याला थंड-उष्ण कळेनासे होते, विस्तव आणि चांदणे त्याला सारखेच वाटते. तसा संशयात बुडालेला माणूस खरे-खोटे, हित-अहित ओळखू शकत नाही. पुढचा दाखला जन्मांधाचा: त्याला रात्र आणि दिवस वेगळे कळत नाहीत.

म्हणजे इथे रोख आहे तो निवड करण्याची ताकदच हरवलेल्या माणसावर. ‘हे मला पटत नाही, कारण असे असे’ म्हणणारा या वर्णनात बसत नाही, त्याला विस्तव आणि चांदणे यांतला फरक चांगला कळतो. आणि सहाच श्लोक आधी (४.३४) ज्ञान मिळवायचे तीन मार्ग सांगितले आहेत, त्यात सेवा आणि नमस्कार यांच्या जोडीला परिप्रश्न, म्हणजे उलटसुलट विचारणे, आहेच.

आडवाट
खडूफळांशी सहमत. शिवाय सगळा ग्रंथ कुणाच्या प्रश्नांवर चालतो? अर्जुनाच्या. तिसऱ्या अध्यायाची सुरुवात बघा. गीतेत अर्जुन दोन श्लोकांत तक्रार करतो: कर्मापेक्षा बुद्धी श्रेष्ठ म्हणतोस, मग मला या घोर कर्मात का ढकलतोस? ज्ञानेश्वरांनी ही तक्रार फुलवून जवळजवळ भांडणच उभे केले आहे. वैद्याने पथ्य सांगून जावे आणि मग आपणच विष द्यावे, तर रोग्याने जगायचे कसे? आंधळ्याला आडवाटेला लावावे, माकडाला मद्य पाजावे, तसा तुझा हा उपदेश आम्हाला झाला आहे!

पाचव्याच्या सुरुवातीलाही तेच: ‘हां हो हें कैसें तुमचें बोलणें’. शिष्याची ही भाषा टीकाकाराने, म्हणजे ज्ञानेश्वरांनी, दाबलेली नाही, उलट वाढवली आहे. संशयी वाचकाची जागा हीच, अर्जुनाच्या शेजारी.

वीणामृदंग
आडवाट, त्यात सहावाही जोडा. ‘चंचलं हि मनः’ (मन चंचल आहे) या श्लोकावर अर्जुन विचारतो की माकडाला कधी समाधी लागेल का, आणि ‘थांब’ म्हटल्यावर सोसाट्याचा वारा थांबेल का. ध्यानाला बसून वैतागलेल्या माणसाने हा भाग आधी वाचावा. त्यापुढे अर्जुनाचा खरा भीतीचा प्रश्न येतो: वाट धरली आणि अर्ध्यावर मेलो तर? इकडचाही नाही आणि तिकडचाही नाही, असे होईल का? श्रद्धा-अश्रद्धेच्या मध्ये अडकलेल्या माणसाचा प्रश्न इतका थेट विचारलेला दुसरीकडे सहज मिळत नाही.

जाई
प्रतीबद्दल कोणी सांगेल का? दुकानात पाच-सहा प्रकार असतात. ‘मूळ’, ‘सार्थ’, ‘पारायण प्रत’, ‘राजवाडे प्रत’. गोंधळ उडतो. सोवळे वगैरे लागते का, तेही विचारून घेते.

प्रवरातीर
जाई, सविस्तर सांगतो.

पारायण प्रत: मोठा ठसा, फक्त ओव्या, मध्ये विश्रामाच्या खुणा. समूहात म्हणण्यासाठी. शिकण्यासाठी निरुपयोगी.

सार्थ प्रत: ओवी आणि खाली किंवा समोर आजच्या मराठीत अर्थ. सुरुवात याच प्रतीने करा. सोनोपंत दांडेकरांची सार्थ प्रत वारकरी मंडळींत सर्वाधिक चालते, साखरे परंपरेची प्रतही आहे. घेताना एक तपासा: अर्थ ओवीवार दिला आहे की पाच-दहा ओव्यांचा मिळून? ओवीवार हवा. एकत्र दिला असेल तर अडलेला शब्द नेमका कुठला हे कळत नाही.

राजवाडे प्रत: वि. का. राजवाड्यांनी १९०९ साली एक जुनी पोथी छापली. ती एकनाथांच्याही आधीची, असे त्यांचे म्हणणे होते. त्यावर बराच वाद झाला. भाषा जास्त जुनी आणि कठीण. दुसऱ्या वाचनासाठी ठेवा.

यामागचा इतिहास कळला तर शंकेखोर वाचकाला बरेच वाटेल. ग्रंथ शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० मध्ये नेवाशाला प्रवरेकाठी झाला, सच्चिदानंदबाबांनी लिहून घेतला. त्या हातची प्रत आज नाही. नकला होत होत पाठ बिघडले. शके १५०६ मध्ये (१५८४) एकनाथांनी उपलब्ध प्रती जुळवून पाठ शुद्ध केला आणि बजावून ठेवले की यात आपली ओवी घालणारा अमृताच्या ताटात नरोटी ठेवतो. नरोटी म्हणजे करवंटी. म्हणजे परंपरेच्या आतच एका संताने ‘हा पाठ खरा कशावरून?’ असे विचारले, प्रती तपासल्या, आणि तेही श्रद्धेचेच काम मानले गेले. भाद्रपद वद्य षष्ठीला ज्ञानेश्वरी जयंती साजरी होते ती याच कामाच्या स्मरणार्थ.

सोवळे लागत नाही. आंघोळ, दिवा, ठरलेली जागा ही शिस्त म्हणून उत्तम. अट म्हणून नव्हे.

निळीशाई
थोडा वेगळा सूर लावते. ज्ञानेश्वरी उघडल्यावर पहिल्याच पानावर गणपतीचे रूपक आहे, आणि त्यात त्याचा मोडका दात म्हणजे खंडित झालेले बौद्धमत असे सांगितले आहे. बाराव्या ओवीत. बौद्ध वाचकाला हे पहिल्या पाच मिनिटांत भेटते. सार्थ प्रतींमध्ये यावर बहुधा काहीच टिप्पणी नसते. शिवाय अठराव्यात वर्णांची कर्मे आहेत. ‘विश्वात्मक’ वगैरे म्हणताना हे लपवू नका.

खडूफळा
निळीशाई, बरोबर आहे, लपवू नये. ती ओवी आहे आणि तिचा अर्थ तोच आहे. तेराव्या शतकातल्या वेदान्त्याची ती भूमिका होती. तिथे समासात स्वच्छ ‘असहमत’ लिहून पुढे जावे. ग्रंथ समोर ठेवून असे लिहिणे हा अपमान नाही.

पण त्याच्या आधीच्या दोन ओव्याही वाचा, कारण या धाग्याचा विषय तिथेच आहे. दहावी ओवी:

देखा षड्दर्शनें म्हणिपती । तेचि भुजांची आकृति । म्हणौनि विसंवादें धरिती । आयुधें हातीं ॥

सहा दर्शने, म्हणजे तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा, हे गणपतीचे सहा हात, आणि त्यांचे एकमेकांशी पटत नाही म्हणून प्रत्येक हातात वेगळे शस्त्र. पुढच्याच ओवीत तर्क हा परशू आणि वेदान्त हा मोदक. या सहांमध्ये सांख्य आणि मीमांसा आहेत, ज्यांना जगाचा कर्ता ईश्वर मान्य नाही. तेही याच देहाचे हात. मतभेद पहिल्या वीस ओव्यांत देवाच्या अंगावर मांडून ठेवले आहेत. तर्क बाहेर ठेवून या ग्रंथात शिरायचे असते तर परशू पहिल्या पानावर दिसला नसता.

निळीशाई
हे वाचन आवडले. दाताचा प्रश्न मात्र त्याने सुटत नाही, तो तसाच राहू द्या. नवव्यात ३२व्या श्लोकावर ‘म्हणौनि कुळ जाति वर्ण । हें आघवेंचि गा अकारण’ (हे सगळेच निरर्थक) आहे, तेही नोंदवते. हे आणि अठरावा अध्याय एकाच ग्रंथात आहेत. दोन्ही एकत्र धरूनच वाचायला हवे.

साता_समुद्र
इकडे, म्हणजे देशाबाहेर, खरी अडचण भाषेची. अर्थ समोर असूनही ओवी ‘लागत’ नाही. काही युक्ती?

खडूफळा
लागत नाही याची कारणे ठरलेली आहेत.

पहिले, दृष्टान्तांची रांग. ‘जैसें’, ‘कां’, ‘नातरी’ असे सुरू झाले की पाच, आठ, कधी त्याहून जास्त ओव्या दृष्टान्तच चालतात आणि ‘तैसें’ आल्यावर मुद्दा येतो. ‘कां’ म्हणजे इथे ‘किंवा’, प्रश्नाचा ‘का’ नव्हे. ही एक गल्लत निम्मा घोटाळा करते. उपाय: आधी श्लोकाचा अर्थ वाचा, मग थेट ‘तैसें’ची ओवी गाठा, मुद्दा समजून घ्या आणि मग मागे येऊन दृष्टान्त वाचा.

दुसरे, प्रत्यय आणि जुने शब्द. ‘अर्जुनातें’ म्हणजे अर्जुनाला. ‘तेणें’ म्हणजे त्याने. ‘आथि’ म्हणजे आहे. ‘येर’ म्हणजे इतर. ‘वांचूनि’ म्हणजे शिवाय. ‘निकें’ म्हणजे चांगले. असे चाळीस-पन्नास शब्द वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवले की पहिल्या तीन अध्यायांनंतर अर्थाकडे सारखे बघावे लागत नाही.

तिसरे, अर्जुनाची संबोधने. किरीटी, पांडुसुता, धनंजया, कपिध्वज, सव्यसाची हा सगळा अर्जुनच. नवा वाचक तिसरेच पात्र आले असे समजतो.

चौथे, ओवीचा घाट. तीन चरण यमकाचे आणि चौथा आखूड. तिथे आवाज आपोआप थांबतो, पण वाक्य पुष्कळदा पुढच्या ओवीत गेलेले असते. मोठ्याने वाचताना चौथ्या चरणावर श्वास घ्या, आवाज खाली टाकू नका. आणि शेवटचा अनुस्वार ‘म्’सारखा ठोकू नये. ‘देवें’ हे ‘देवेम्’ नाही, हलका नाकातला स्वर आहे.

गटाने ऑनलाइन वाचायचे तर सहा ते आठ माणसे पुरे. तासाला १५ ओव्या, जास्त नको. एकाने दोनदा मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने अर्थ सांगायचा, तिसऱ्याने फक्त शंका काढायच्या. शंका काढणारा दर वेळी बदला. तो एकच राहिला की त्याला नास्तिक ठरवून मोकळे होतात.

घाटमाथा
सहाव्या अध्यायाबद्दल एक सावधगिरी. तिथे कुंडलिनीचे विस्ताराने वर्णन आहे, आसन आणि मूळबंध, जालंधर, उड्डियान हे योगातले बंध, सगळे. ते वाचून घरी प्रयोग सुरू करणारे लोक असतात. करू नका. ज्ञानेश्वरांनीच म्हटले आहे की ‘पिंडें पिंडाचा ग्रासु’ (देहानेच देह गिळणे) हा नाथसंप्रदायाचा संकेत आहे. म्हणजे गुरूकडून प्रत्यक्ष शिकायची गोष्ट, तिच्यातले मोजमाप ओव्यांत नाही. श्वास कोंडून बसल्याने चक्कर, डोके दुखणे, छातीत धडधड यापलीकडे काही हाती लागत नाही. काव्य म्हणून वाचा आणि पुढे चला.

जाई
तेराव्यात दीड महिना काढायचा तर तिथे एवढे आहे तरी काय?

वीणामृदंग
श्लोक ७ ते ११. फक्त पाच. त्यात ज्ञानाची लक्षणे आहेत आणि त्यांवर शेकडो ओव्या. मजा अशी की या यादीत कुठल्याही सिद्धान्तावर विश्वास ठेवण्यापेक्षा वागण्यावर भर आहे. अमानित्व (मानाची हाव नसणे), अदंभित्व (दिखावा नसणे), अहिंसा, क्षांति (सहनशीलता), आर्जव (सरळपणा). श्रद्धा नसलेल्या माणसालाही हे तपासून पाहता येते, म्हणून तेरावा टाळू नका.

अहिंसेचे उदाहरण घ्या. ज्ञानेश्वर आधी चुकीच्या अहिंसेची हजेरी घेतात: पावसासाठी यज्ञात पशू मारणे, जीव वाचवायला झाडपाला ओरबाडून औषधे करणे. फांद्या तोडून त्यांचेच कुंपण त्याच झाडाच्या बुंध्याला घालावे तसे हे. मग खरा अहिंसक चालतो कसा ते येते:

कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार । कुचुंबैल केसर । इया शंका ॥

केसर चुरगळेल या काळजीने भुंगा कमळावर पाऊल हलके टेकवतो. अणुरेणूतही लहानसे जीव आहेत हे जाणून हा माणूस करुणेत पावले लपवून चालतो. त्यापुढे त्याचे बोलणे, बघणे, हात, मन असे एकेक घेतले आहे. रोज एकच अवयव घ्यावा: आज पाऊल, उद्या वाणी. वाचायला पाच मिनिटे, बाकीचा दिवस ते आठवून वागायला.

तार्किक
हे मान्य. तेरावा अध्याय नीतिशास्त्र म्हणून उभा राहतो. तरीही शेवटी अठराव्यात ‘सर्वधर्मान् परित्यज्य’ आहेच. शरण ये. सगळ्या प्रश्नांचा शेवट शरणागतीत होणार असेल तर वाटेवरचे प्रश्न दिखाऊ ठरतात, हा माझा आक्षेप कायम आहे.

आडवाट
त्याच्या तीनच श्लोक आधी (१८.६३) ‘विमृश्यैतदशेषेण यथेच्छसि तथा कुरु’ आहे. सगळ्याचा नीट विचार कर आणि मग तुला वाटेल ते कर. सांगून झाल्यावर निर्णय ऐकणाऱ्याच्या हाती दिला आहे. शरणागती त्यानंतर येते, आणि ती अर्जुनापुढे ठेवलेली आहे, त्याच्यावर लादलेली नाही.

तार्किक
६३ वा श्लोक महत्त्वाचा आहे, कबूल. पण निवड दिल्यावर लगेच ‘सर्वांत गुह्य ते पुन्हा ऐक’ म्हणून एक बाजू जड केली जाते. हा निवडीचा पूर्ण आदर नव्हे असे मी म्हणेन. इथे आपले मतभेद राहोत.

प्रवरातीर
राहोत. सहा हात आहेत ना.

पडवी, सुरुवात कुठून हा तुमचा प्रश्न मागे पडला. पहिल्यापासून क्रमाने वाचणे ही परंपरा, आणि दुसऱ्या फेरीत ती योग्यच. पण संशय घेऊन आलेल्या वाचकाने पहिल्या फेरीत बारावा घ्यावा. लहान आहे, २४७ ओव्या, रोज २५ प्रमाणे दहा दिवस. आणि त्यात ८ ते ११ या श्लोकांत पायऱ्या उतरत आणल्या आहेत: मन पूर्ण देता येत असेल तर दे, नसेल तर अभ्यास कर, तेही नसेल तर कर्मे माझ्यासाठी कर, तेही जमत नसेल तर फक्त फळाचा हट्ट सोड. शेवटच्या पायरीवर देव मानण्याची सक्तीही फारशी उरत नाही. नवव्या श्लोकावर तर:

तरी गा ऐसें करीं । यया आठां पाहारांमाझारीं । मोटकें निमिषभरी । देतु जाय ॥

आठ प्रहरांत एक क्षण. एवढेच मागितले आहे.

वीणामृदंग
बारावा, मग नववा, मग पहिल्यापासून. नवव्याची पहिली ओवीही याच विषयाची: ‘तरी अवधान एकलें दीजे । मग सर्वसुखासि पात्र होईजे’. फक्त लक्ष द्या म्हणतात. विश्वास ठेवा असे तिथे म्हटलेले नाही.

एक चूक टाळा. दिवस चुकला की दुसऱ्या दिवशी ५० ओव्या वाचून भरपाई करायची नाही. भरपाईच्या दिवशी डोळे फिरतात, अर्थ नाही. चुकला तर चुकला, २५ वरच राहा. आणि दृष्टान्ताच्या रांगेत मध्येच २५ पूर्ण झाल्या तर ‘तैसें’पर्यंत जाऊनच थांबा, नाहीतर उद्या धागा सापडत नाही.

पडवी
सर्वांचे आभार. तार्किक आणि निळीशाई यांचे जास्त, कारण आक्षेप ओवी-श्लोकासकट आले. बारावा उद्यापासून इथेच सुरू करू. रोज सकाळी २५ ओव्यांचा आकडा मी टाकीन, ज्याला जे पटले नाही त्याने ओवी देऊन लिहावे. ओवी न देता आलेल्या शंकेला आणि ओवी न देता आलेल्या अनुभूतीला, दोन्हींना उत्तर द्यायचे नाही, चालेल?

जाई
चालेल. माझ्याकडच्या प्रतीत आणि मैत्रिणीच्या प्रतीत ओवीचे क्रमांक एक-दोनने पुढेमागे आहेत. कुठला धरायचा?

खडूफळा
तो फरक राहणारच, प्रतींचे पाठ वेगळे आहेत. अध्याय आणि गीतेचा श्लोक आधी लिहा, मग ओवीचा पहिला चरण. क्रमांक कंसात, तुमच्या प्रतीच्या नावासकट.